साइडचेन लावूनही किक लागत नाही, बेस मात्र तुटतो: डकिंगबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोके) एक हाउस ट्रॅक चाललाय. किक (ठोक्यावरचा मोठा ड्रम), सब-बेस (सगळ्यात खालचा बेस), पॅड (मागे लांब चालणारे सूर), त्यावर ढोलकीचा लूप आणि जुन्या गाण्यातून काढलेला गायिकेचा आवाज. व्हिडिओ बघून बेसवर फ्रूटी लिमिटर टाकला (त्यात आवाज दाबणारा कम्प्रेसरही असतो), किकने साइडचेन केला, म्हणजे किक वाजली की बेस दबेल असं जोडलं (या दबण्यालाच डकिंग म्हणतात), अटॅक (दाबायला लागणारा वेळ) शून्यावर आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) अगदी कमी ठेवला. आता दर ठोक्याला ‘टक्’ असा आवाज येतो, बेस तुटक वाटतो आणि एवढं करूनही किक अंगावर येत नाही. पॅड तर श्वास घेतच नाही. तर मग कम्प्रेसर सोडून एखादं विकतचं व्हॉल्यूम शेपर प्लगइन (आवाजाचा चढउतार रेषेने आखू देणारं) घ्यावं का?

प्लगइनचं नंतर बघू. मला वाटतं, इथे दोन वेगळी कामं एकाच नावाखाली आली आहेत आणि दोन्हींसाठी तुम्ही एकच सेटिंग वापरताय. पहिलं काम म्हणजे किकला जागा करून देणं. हे ऐकणाऱ्याला कळताच कामा नये; कळलं, तर ते जास्त झालं. दुसरं काम म्हणजे आवाजाच्या चढउतारालाच ताल बनवणं, ज्याला सगळे पंपिंग म्हणतात. ते कळायलाच हवं, नाहीतर केलं काय आणि न केलं काय. बेसवर बहुतेक वेळा पहिलं काम असतं, पॅडवर आणि सिंथवर दुसरं. माझ्याकडे मिक्सला येणाऱ्या प्रोजेक्टांत निम्मा गोंधळ इथेच असतो: बेसला पॅडसारखं खोल दाबलेलं असतं आणि पॅडला बेससारखं भीतभीत.

आधी बेस. किकचा खालचा भाग साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि सब-बेसचे सूरही तिथेच पडतात: खालचा जी ४९ हर्ट्झ, ए ५५ हर्ट्झ. दोन सारख्या ताकदीच्या लहरी एकाच दिशेने आल्या तर ६ डीबीने वाढतात, उलट्या आल्या तर एकमेकींना खातात. तुमच्या सिंथचा ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग) दर नोटला नव्याने सुरू होत नसेल, तर प्रत्येक ठोक्याला ही गाठ वेगळी पडते. म्हणून एक किक जाड, दुसरी पोकळ, तिसरी बरी असं होतं आणि आपण किकचं सँपल बदलत बसतो. डकिंगचा खरा फायदा हा. दादरला गाडी थांबली की उतरणाऱ्यांना आधी उतरू देतात, मग बाकीचे चढतात. तसंच इथे किकचा मुख्य भाग वाजून जाईपर्यंत बेसने दाराशी थांबायचं.

पण त्याही आधी एक विचारा: किक वाजते त्या क्षणी बेसची नोट असायलाच हवी का? सायट्रान्समध्ये किक ठोक्यावर असते आणि बेस उरलेल्या तीन सोळांशांवर. तिथे दोघं एकमेकांच्या वाटेत फारसे येतच नाहीत, कारण मांडणीच तशी आहे. तुमचा बेस ऑफबीटवर (दोन ठोक्यांच्या मधोमध) असेल तर पियानो रोलमध्ये, म्हणजे नोटा मांडायच्या खिडकीत, त्या थोड्या आखूड केल्या तरी अर्धं काम होतं. लांब, सलग बेस हवाच असेल तर मग डकिंग.

आता फ्रूटी लिमिटर. साइडचेन लावल्यावर थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर गेलं की दाबणं सुरू होतं ती) बेसकडे बघत नाही, किककडे बघतो. पुष्कळ जण बेसच्या मीटरवर डोळा ठेवून थ्रेशोल्ड फिरवतात आणि काही होत नाही म्हणून वैतागतात. समजा किकचं शिखर उणे ६ डीबीवर आहे, थ्रेशोल्ड उणे ३० आणि रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१. किक थ्रेशोल्डच्या २४ डीबी वर गेली. त्यातला पाऊण भाग दाबला जातो, म्हणजे कम्प्रेसर पुरेसा चपळ असेल तर बेस १८ डीबी खाली जाईल. १८ डीबी म्हणजे मूळ उंचीचा जेमतेम आठवा हिस्सा. जागा करून देण्यासाठी हे फार झालं. मी बेसवर ४ ते ६ डीबीपासून सुरुवात करतो आणि किक मोकळी झाली की तिथेच थांबतो. दुसरं असं की किककडून जाणारा सिग्नल फेडरच्या (व्हॉल्यूमच्या दांड्याच्या) नंतरचा असेल, तर किक ३ डीबी कमी केल्यावर डकिंगही आपोआप कमी होतं. मिक्सच्या शेवटी किक थोडी खाली घेतली आणि सगळा ट्रॅक ढेपाळला, असं झालं की कारण बहुधा हेच असतं. तसंच, कम्प्रेसरमध्ये आपोआप गेन भरून काढणारं बटण असेल तर ते बंद ठेवा. नाहीतर तो एका हाताने बेस दाबतो आणि दुसऱ्या हाताने वर उचलतो.

राउटिंगही एकदा तपासा, कारण ‘किक लागत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी एवढंच असतं. मिक्सरमध्ये किकचा ट्रॅक निवडून बेसच्या ट्रॅकखालच्या बाणावर उजवं क्लिक करा आणि ‘साइडचेन टू धिस ट्रॅक’ निवडा. नुसतं डावं क्लिक केलं असेल, तर किकचा आवाज खरोखरच बेसच्या ट्रॅकमध्ये शिरतो, बेसबरोबर दाबला जातो आणि मास्टरवर (सगळे ट्रॅक शेवटी एकत्र येतात तिथे) दुसऱ्यांदा पोचतो. मग किक दोनदा वाजतेय आणि त्यातली एक चेंगरलेली आहे. लिमिटरमध्ये कम्प्रेसरचा भाग उघडून साइडचेनचा आकडा १ वर आहे ना, तेही बघा.

‘टक्’ कुठून येतो? ५० हर्ट्झच्या लहरीची एक फेरी २० मिलिसेकंदांची असते. अटॅक शून्य म्हणजे ती लहर शिखरावर असो की मध्यात, तिला तिथल्या तिथे खाली ओढायचं. लहरीला असा उभा कापला की तिथे एक कडा तयार होते आणि कडेला वरच्या पट्टीतला आवाज असतो. तोच तुमचा ‘टक्’. उपाय सोपा आहे: अटॅक २ ते ५ मिलिसेकंद करा. तेवढ्यात किकचा पहिला टोला बेसवर आदळतोय असं वाटलं, तर ट्रिगरच (बेसला दाबणारा इशारा) ५-१० मिलिसेकंद आधी सरकवा, म्हणजे किक येईपर्यंत बेस हळूच बाजूला झालेला असेल. पण बेस सोलो करून (एकटाच वाजवून) ‘टक्’ शोधत बसू नका. किकचा स्वतःचा चट्कारा त्या जागी असतोच आणि तो बरंच काही झाकतो. सगळं एकत्र वाजताना ऐकू येत नसेल, तर तो नाही असं समजा.

तुटकपणाचं मूळ मात्र रिलीजमध्ये आहे. कम्प्रेसर किकची लहर वर गेली काय, खाली गेली काय, दोन्ही मोजतो. म्हणजे ५० हर्ट्झच्या किकमध्ये त्याला दर १० मिलिसेकंदांनी एक शिखर दिसतं. रिलीज ५-१० मिलिसेकंद ठेवला, तर तो प्रत्येक शिखराला दाबतो आणि मधल्या दरीत सोडतो, पुन्हा दाबतो, पुन्हा सोडतो. एका किकमध्ये एकदा खाली जाऊन वर येण्याऐवजी बेस थरथरतो. ऐकायला ते विकृतीसारखं, फाटक्या स्पीकरसारखं लागतं. ट्यूटोरियलवाल्याच्या किकला शेपूट नसेल, त्याचं चाललं. तुमच्या किकला असणार.

म्हणून मी खऱ्या किकला ट्रिगर म्हणून वापरायचं जवळपास सोडून दिलंय. त्याऐवजी घोस्ट किक: एखादं अगदी आखूड सँपल, रिमशॉट किंवा हाय-हॅटचा तुकडा, किकच्या जागांवर ठेवायचा. त्या ट्रॅकचा मास्टरकडे जाणारा बाण बंद करायचा आणि बाकीच्यांना फक्त साइडचेन द्यायचा. तो कुणाला ऐकू जात नाही, फक्त इशारा देतो. दुसरी सॉफ्टवेअर वापरत असाल, तर एबलटनमध्ये त्या ट्रॅकचं आउटपुट ‘सेंड्स ओन्ली’ करतात, लॉजिकमध्ये ‘नो आउटपुट’. फायदे दोन. किकचं सँपल, तिचा आवाज, तिची शेपटी काहीही बदललं तरी डकिंग जिथल्या तिथे राहतं. आणि ब्रेकमध्ये किक थांबली तरी पॅडचा श्वास चालू ठेवता येतो. ड्रॉपच्या (किक आणि बेस जोरात परत येतात त्या क्षणाच्या) आधी किक नसताना पॅड मात्र हेलकावे खात असतो, ते असंच.

आता वेळेचा हिशोब. १२८ बीपीएमला एक ठोका सुमारे ४६९ मिलिसेकंदांचा, ऑफबीट २३४ वर. टेम्पो बदलला की हा हिशोब ६०,००० भागिले बीपीएम असा काढायचा. बेस ऑफबीटला ठळक हवा असेल तर तो २३४ च्या आत पूर्ण वर आलेला हवा. म्हणजे आखूड ट्रिगर धरून रिलीज १०० ते १५० च्या दरम्यान ठेवून ऐका. किकचं वेव्हफॉर्म मोठं करून तिचा जाड भाग किती लांब आहे तेही बघा; १५० मिलिसेकंदांचा असेल तर बेसने तेवढा वेळ तरी खाली राहायला हवं. किकच ३०० ची असेल, तर कोणताही रिलीज तुम्हाला वाचवणार नाही. किक आखूड करा.

पॅडचं गणित वेगळं. तिथे मी १० डीबीच्या पुढे बिनधास्त जातो आणि आवाज पुढच्या ठोक्याच्या जरासा आधी पूर्ण वर येईल असं बघतो. वर येऊन तो तिथे क्षणभर टिकला तर ताल बसल्यासारखा वाटतो. वर येता येताच पुढच्या किकने दाबला, तर पॅड नुसता बारीक झालाय असं वाटतं. ‘पॅड श्वास घेत नाही’ म्हणताना तुमच्याकडे नेमकं काय होतंय, ते ट्रॅक ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. पण रिलीज अगदी कमी आहे म्हणता, तर बहुधा पॅड इतक्या लवकर वर येतोय की कानाला चढण जाणवतच नाही.

इथे कम्प्रेसर आणि शेपर यांतला फरक येतो. कम्प्रेसर सोडताना साधारणपणे आधी भरभर वर येतो आणि मग रेंगाळतो. तो आकार तुमच्या हातात फारसा नसतो. शेपरमध्ये वक्ररेषा तुम्ही काढता. आधी खाली रेंगाळून मग झपकन वर असा आकार काढला की तो ‘ओढून घेणारा’ परिणाम मिळतो. आजच्या ईडीएममध्ये ऐकू येतो तो बहुतेक असाच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच हाउसवाले अलेसिस ३६३० सारख्या स्वस्त रॅक कम्प्रेसरमधून जवळपास अख्खा मिक्स काढायचे आणि किक सगळ्यांना दाबायची. त्यातला ओबडधोबडपणा हा कम्प्रेसरचाच गुण होता. तसा रंग हवा असेल तर शेपरने तो नीट येत नाही, फार स्वच्छ लागतो.

मग विकत घ्यायचं का? किकस्टार्ट किंवा एलएफओ टूल ही चांगली प्लगइनं आहेत, मी वापरतो, वेळ वाचतो. पण आत्ता तुमची अडचण प्लगइनची नाही. एफएलमध्येच फ्रूटी एन्व्हलप कंट्रोलर आहे: त्याला नोटा द्यायच्या, त्याचा एन्व्हलप (प्रत्येक नोटेला सुरू होणारा चढउताराचा आकार) पॅडच्या व्हॉल्यूमला उलटा जोडायचा, झालं. आवाजाने नाही तर नोटेने चालणारं डकिंग. दर वेळी हुबेहूब तसंच. साधी ऑटोमेशन क्लिपही (हाताने काढलेली व्हॉल्यूमची रेषा) चालते. आधी याने आकार काढून कान तयार करा. महिन्याभराने हात भरून आला आणि रोज तेच काम करावं लागतंय असं वाटलं, तर पैसे घाला.

ढोलकी हा मात्र तुमच्या ट्रॅकमधला सगळ्यात मजेदार भाग आहे आणि व्हिडिओवाले याबद्दल काही सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे ती नसतेच. ढोलकीच्या एका बाजूला खर्ज असतो आणि तो घुमतो, घसरतो, कधी ठोक्याच्या जरा मागे येतो. तो आणि तुमचा सब-बेस एकमेकांना भिडतात. म्हणून बेसला फक्त किकने दाबून भागत नाही. लूपची एक प्रत वेगळ्या मिक्सर ट्रॅकवर घ्या, इक्वलायझरने १५० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा, मास्टरचा बाण बंद करा आणि त्यानेही बेसला ३-४ डीबी दाबा. थाप, चाटी यांनी बेस हलणार नाही, फक्त घुमाऱ्याने हलेल. हात ग्रिडवर बसवलेला नसल्यामुळे इथे टेम्पोला बांधलेला शेपर कामाचा नाही. आवाज ऐकून चालणारा कम्प्रेसरच हवा. आणि किक व ढोलकीचा खर्ज एकाच जागी आले तर कुणी हटायचं? माझं मत विचाराल तर किकने. ढोलकी मागे ढकलायची असेल तर ती घेतलीच कशाला? पण क्लबसाठी बनवत असाल, तर हा निर्णय उलटा होऊ शकतो.

पुढे कधी कोळीगीताच्या सहा मात्रांच्या ठेक्यावर काम केलंत, तर प्रोजेक्ट कसा मांडलाय ते आधी बघा. ४/४ मध्ये ट्रिपलेट ग्रिड धरली असेल तर चौथाईवर चालणारा शेपर बरोबर बसतो. ६/८ मांडलं असेल, तर तोच शेपर किकशी फारकत घेतो. त्याला डॉटेड चौथाई द्यावी लागते. नोटेवर चालणाऱ्या एन्व्हलपला हा प्रश्नच पडत नाही.

गायिकेच्या आवाजाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. जुन्या गाण्यातून काढलेल्या फाइलीत मूळ वाद्यांचे अवशेष असतातच, आणि लोक त्या अख्ख्या फाइलीला किकने दाबतात. मग ठोक्यावर येणाऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळलं जातं. ‘पोरी’चं ‘ओरी’ होतं. त्या फाइलीचा १२०-१५० हर्ट्झच्या खालचा भाग सरळ कापून टाका, आवाजाला हात लावू नका. उलट आवाजाने पॅडला दाबा: २-३ डीबी, तेही शक्य असेल तर फक्त १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. टीडीआर नोव्हा हा फुकटचा डायनॅमिक इक्वलायझर साइडचेनसह हे करतो. आवाजाच्या रिव्हर्बवर मूळ आवाजाने साइडचेन केलेला कम्प्रेसर लावला, तर ओळ चालू असताना रिव्हर्ब मागे राहतो आणि ओळ संपल्यावर फुलतो. एफएमवर आरजे बोलायला लागला की गाणं खाली जातं, तेच हे तंत्र.

ट्रॅक कुठे वाजणार हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. लोकलमध्ये फोनच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला सबचं डकिंग ऐकूच येणार नाही, कारण ते स्पीकर तेवढं खाली जातच नाहीत. त्याच्यासाठी ताल पॅडमधून आणि बेसच्या वरच्या थरातून यायला हवा. म्हणून बेसचे दोन थर करा: खाली शुद्ध सब, वर मधल्या पट्टीतला खरखरीत आवाज. सबला पुरेसं दाबा, वरच्याला चवीपुरतं.

गणपतीत गाडीवर वाजणार असेल तर गोष्ट निराळी. गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून खालचा आवाज परत येतो आणि किकच्या मधली पोकळी भरून टाकतो. स्टुडिओत मोकळी वाटणारी जागा तिथे उरत नाही. अशा ट्रॅकला मी सबचं डकिंग आणखी २-३ डीबी खोल करतो आणि किकची शेपूट आखूड ठेवतो. शिवाय त्या सिस्टिमवर लिमिटर आधीच जोर लावून बसलेला असतो. किक आणि बेस एकत्र त्याच्यावर आदळले, तर तो त्यांच्यासकट गायिकेलाही खाली दाबतो, आणि तो पंपिंगचा आकार तुम्ही ठरवलेला नसतो. सब बहुतेक ठिकाणी मोनोच असतो, तेव्हा मास्टर मोनो (डावीउजवीकडे एकच आवाज) करूनही एकदा ऐका.

आज रात्री करून बघायचं ते एवढंच: मास्टरवरचा लिमिटर काढा, किक आणि बेस एवढेच दोन ट्रॅक चालू ठेवा, मास्टरचं शिखर किती येतंय ते लिहून ठेवा. मग घोस्ट किक, अटॅक ३, रिलीज १२०, दाब ५ डीबी. तेच शिखर पुन्हा बघा. ते खाली आलं असेल आणि किक तरीही तेवढीच किंवा जास्त जोरात वाटत असेल, तर बाकीचे ट्रॅक एकेक करून उघडा. खाली आलं नसेल, तर बेसचा फेज (त्याची लहर किकच्या लहरीशी कशी जुळते ते) आणि वरचं राउटिंग बघा, आणि दोन्ही ट्रॅकचे मिक्सरचे स्क्रीनशॉट इथे टाका.